दात पडल्याशिवाय अक्षर नाही

गरीब माणूस वेडा झाला तर चार लोक त्याला धरून देवऋष्याकडे नेतात. पैसेवाला वेडा झाला की तो शाळा काढतो. आमच्या सरांनी त्याच्याही पुढची मजल मारली. त्यांनी मास्तर तयार करायची शाळा काढली. म्हणजे एका वेड्याचे दहा वेडे व्हायचे आणि त्या दहांनी जिल्हाभर वेड पेरायचं, असा तो बेत होता. त्या दहांतला मी एक.

त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांच्या घराण्यातली माणसं अजून त्या भागात आहेत आणि त्यांना या माणसाची आधीच पुरेशी लाज वाटते. तसं त्यांना नावानं ओळखत तरी कोण होतं? सुलतानपूरपासून लोणारपर्यंत कोणालाही 'जर्मन मास्तर कुठं राहतात' असं विचारलं की तो आधी हसायचा आणि मग रस्ता दाखवायचा.

ही गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सरांचे वडील मोठे खातेदार, लोणारच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं कापसातली सरकी काढायचं जिन होतं. जिनाशेजारी कापड रंगवायचा कारखाना काढावा म्हणून त्यांनी मुलाला रंगाचं शास्त्र शिकायला जर्मनीत पाठवलं. चिरंजीवांनी सहा महिने रंग कालवले. मग तिथं त्यांना कुठलीशी शाळा दिसली. तिथल्या पोरांना पुस्तकं नव्हती, परीक्षा नव्हत्या, मास्तर पोरांना राजाराणीच्या गोष्टी सांगत होते आणि पोरं लोकर विणत होती. हे पाहून यांना साक्षात्कार झाला. रंगाचं शास्त्र गेलं खड्ड्यात. दोन वर्षं तिथं राहून ते त्या पद्धतीचे मास्तर व्हायला शिकले आणि दोन ट्रंका घेऊन घरी आले. एका ट्रंकेत रंगीत लोकर आणि मेण, दुसरीत वह्या. वडिलांनी दोन्ही ट्रंका उघडून पाहिल्या, परत बंद केल्या आणि अंथरूण धरलं. ते वर्षाच्या आत गेले. जिन बंद पडलं आणि त्या बंद जिनात आमचा वर्ग उघडला. छताच्या तुळयांवर जुन्या कापसाचे पुंजके तसेच लोंबत होते. वारा आला की ते आमच्या डोक्यावर पडायचे आणि सर म्हणायचे, "पहा, कापूस आपल्याला भेटायला येतोय."

माणूस दिसायला उंच, गोरा. खाली धोतर आणि वर शिंगाच्या बटणांचा जाड जर्मन कोट. वैशाखातसुद्धा तो कोट उतरायचा नाही. चालता चालता ते विणत असत. लोकरीचा गुंडा खिशात, सुया हातात, नजर आभाळात. बांधावरून जाताना दोनदा तरी मी त्यांना नाल्यात पडताना पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यांनी आधी सुईवरचे टाके सुटले नाहीत ना ते पाहिलं. सगळ्यांना ते 'आपण' म्हणत. चार वर्षांच्या नागड्या पोरालाही आपण, दारात आलेल्या कुत्र्यालाही आपण. "आपण जरा बाजूला होता का?" असं ते त्या कुत्र्याला म्हणाले की कुत्रं होतं तिथंच बसायचं.

आता असल्या माणसाकडे मी कशाला गेलो, असं कोणीही विचारील. गरज. मी मराठी सातवी पास झालेलो होतो. मास्तर घडवायच्या सरकारी नॉर्मल स्कुलात मला जागा मिळाली नाही, आणि नॉर्मल पास झाल्याशिवाय शाळेत नोकरी नव्हती. नोकरी नाही तर मेहकरला मामाचं किराणा दुकान होतं. मामा गुळावर बसलेली माशीसुद्धा वजनात धरणारा. त्याच्या हाताखाली जन्मभर तागडी धरायची या कल्पनेनंच मला शिसारी यायची. तेवढ्यात कळलं की जर्मन मास्तर दहा मुलं घेताहेत, राहणं-जेवण फुकट आहे, दोन वर्षांनी शिक्षण खात्याचे डिप्टी साहेब येऊन वर्ग तपासतील आणि त्यांनी मंजुरी दिली की आमचा दाखला नॉर्मल पासच्या बरोबरीचा धरला जाईल. सुलतानपूरच्या हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं, "दाखला घेऊन ये, जागा तुझी." म्हणजे माझा सगळा जन्म डिप्टी साहेबांच्या एका सहीवर टांगलेला होता. दोन वर्षं मी जे काही सोसलं ते त्या सहीसाठी.

पहिल्या दिवशी आम्ही दहा मिशीवाले बाप्ये सतरंजीवर बसलो. वाटलं, आता पुस्तकं मिळतील. मिळाल्या दोन-दोन सुया आणि लोकर. सर म्हणाले, "आधी हात शिकतो, डोकं मागाहून येतं." तीन महिने आम्ही विणत होतो. माझ्याशेजारी रोहिणखेडचा करीम बसायचा, कलईवाल्याचा मुलगा. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "मास्तर बनाले आलो का सासरी नांदाले जाऊन राह्यलो बे आपुन?" मला हसू फुटलं. सर आमच्याकडे वळले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "हसू आलं की टाका सैल पडतो. पडू द्या." करीमचा मोजा शेवटी इतका सैल झाला की त्यात त्याचे दोन्ही पाय मावायचे.

मग हातवारे आले. प्रत्येक अक्षर म्हणजे एक हालचाल, ते अंगातून काढायचं, असं सरांचं म्हणणं. 'अ' म्हणताना दोन्ही हात फाकायचे, 'ओ' म्हणताना समोर कवटाळायचे. रोज सकाळी रस्त्याच्या कडेच्या मैदानात आम्ही दहा जण सूर्याकडे तोंड करून हात फाकत आणि कवटाळत असू. लोणारच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. एकदा एका म्हातारीनं गाडीतूनच ओरडून विचारलं, "काऊन वो, काय झालं या मास्तरायले? भूत लागलं का?" सरांनी तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "नाही आजी, अक्षर लागलंय." म्हातारीनं गाडीवाल्याला गाडी जोरात हाकायला सांगितलं.

एका वेळी एकच विषय, आणि तो महिनाभर. एक सबंध महिना गाय. गाईचं चित्र, गाईचं गाणं, गाईचा मेणाचा पुतळा, गाईसारखं संथ चालणं. मी त्या महिन्यात एकदा अपूर्णांकांबद्दल काही विचारलं, तर म्हणाले, "गाय संपू द्या." गाय काही संपेना. शेवटी शेवटी दूध पुढं आलं तरी आम्ही ताटावरून उठायचो.

लोणारच्या तळ्याची कथा तर अजून कोणी सांगितली की मी उठून जातो, कारण ते पाणी वाहणाऱ्यांत मी होतो. ते तळं किती खोल उतरून आहे हे पाहिलेल्यालाच ठाऊक. सरांना वाटलं, मुलांना चित्रं काढायला विहिरीचं पाणी चालणार नाही. आभाळ आणि जमीन जिथं भेटली तिथलं जिवंत पाणी पाहिजे. झालं. आम्ही चौघे बादल्या घेऊन खाली उतरलो. पाणी कुजक्या वासाचं, बुळबुळीत. ते वर आणेपर्यंत कंबर मोडली. सरांनी जाड कागद त्या पाण्यात भिजवले आणि प्रत्येकाला पिवळ्या रंगासाठी हळद दिली. "पिवळा म्हणजे आनंद. ओल्या कागदावर आनंद पसरू द्या." आम्ही ब्रश टेकवला आणि आनंद लालभडक झाला. दहाच्या दहा कागद खाटकाच्या फडक्यासारखे. सर थक्क. कागद हातात घेऊन ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहायला लागले. त्यांच्या जर्मन शास्त्राप्रमाणे माणसांचे स्वभाव चार, अग्नीचा, वाऱ्याचा, पाण्याचा आणि मातीचा. त्यांनी जाहीर केलं की हा सगळा वर्ग अग्नीचा निघाला, आपल्याला हे आधी कळायला हवं होतं. त्या दिवसापासून आम्हाला तिखट बंद झालं.

स्वयंपाकीण बाईला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत बसली. "अव्वो माय! हळदीले खार लागला का लाल होनारच ना बापा. कुकू कशाचं करतेत मंग? त्या तळ्याचा खार आमी पापडात घालतो." हा माणूस रंगाचं शास्त्र शिकायला सातासमुद्रापार गेला होता! कोणी दुसरा असता तर शरमेनं चार दिवस बाहेर पडला नसता. हे काय करतात? आनंदानं उड्या मारतात आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला आमच्यापुढे उभी करून 'कुंकू' या विषयावर तास घ्यायला लावतात. आम्ही दहा जण आणि आमच्यामागे सर, मांडी घालून, वहीत लिहून घेताहेत. बाई शिकवत होती चांगलं, ते सोडा. पण तिखट काही परत सुरू झालं नाही.

आमच्या सरावासाठी गावातली वीसेक पोरं यायची. त्यांना दुपारी पोटभर जेवण मिळायचं, म्हणून यायची. या पोरांच्या बाबतीत सरांचा एक नियम होता, आणि आमचा सत्यानाश त्या नियमानं केला. दात पडल्याशिवाय अक्षर नाही. दुधाचे दात पडेपर्यंत लेकराची सगळी ताकद अंग घडवण्यात लागलेली असते, म्हणे. दात पडला की ती मोकळी होते आणि मग अक्षर धरते. त्याआधी शिकवलं तर लेकरू जन्माचं खचतं. दर सोमवारी पोरांची रांग लागायची, तोंडं उघडायची आणि सर वाकून पाहायचे. बैलबाजारातसुद्धा इतकं बारकाईनं पाहत नाहीत. एका बापाला पोरगा लवकर शिकवायचा होता. त्यानं पोराच्या दाताला दोरा बांधला, दोरा दाराच्या कडीला बांधला आणि दार लोटलं. रक्ताळलेला दात मुठीत घेऊन तो आला.

"घ्या. पडला. आता शिकवा."

सरांनी त्या पोराला मांडीवर घेतलं आणि घळाघळा रडले. बाप आमच्याकडे पाहायला लागला. "मास्तर काऊन रडून राह्यले? दात तर पोट्ट्याचा गेला."

बरं, दात पडल्यावर तरी अक्षर धडाधड शिकवावं? तेही नाही. आधी डोंगर काढायचा, डोंगराची गोष्ट ऐकायची, दोन दिवस तो विसरायचा आणि मग त्या डोंगरातून 'ड' बाहेर यायचा. तोही आपखुशीनं आला तर. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा सगळ्यात पुढच्या पोरांना अकरा अक्षरं येत होती. मुळाक्षरं संपेपर्यंत त्यांची लग्नं झाली असती. मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, डिप्टी साहेब पोरांना वाचायला लावतील." ते विणता विणता म्हणाले, "अक्षर उगवतं. ते ओढून वर काढता येत नाही." करीम मागून पुटपुटला, "तवरिक आमीच उगवून वाळून जाऊ."

तपासणीला दीड महिना उरला तेव्हा मी ठरवलं की या माणसाच्या वेडापायी आपण बुडायचं नाही. रोज दुपारी सर बासरी घेऊन तळ्याच्या काठावर जाऊन बसत. दोन तास परत येत नसत. त्या दोन तासांत मी आणि करीमनं जिनाच्या वजनकाट्याच्या खोलीत पोरं गोळा केली आणि पहिलीचं पुस्तक काढलं. अक्षरं शिकवायला वेळ कुठला? आम्ही धडे पाठ करून घेतले. ओळीखाली बोट फिरवायचं, पान कधी उलटायचं ते लक्षात ठेवायचं आणि खणखणीत म्हणायचं. आठ पोरं तयार झाली. त्यांत सगळ्यात हुशार पारू, महादू तेल्याची मुलगी. वरचे दोन आणि खालचे दोन दात पडलेले, त्यामुळे नियमातही बसत होती. एकदा ऐकलं की तिला धडा यायचा. मान अशी हलवायची, बोट असं फिरवायची, की माझाच क्षणभर विश्वास बसायचा. बाजारात महादू भेटला तेव्हा मी फुशारकीनं सांगितलं, "तुमची पारू आता धडाधड वाचते." तेलाच्या हातानंच त्यानं माझे पाय धरले. त्याच्या घराण्यात तोवर कोणाला अक्षर माहीत नव्हतं. थोरला मुलगा खामगावला एका जिनात मजुरीला होता, तो कोणाकडून तरी चार ओळी लिहवून पाठवायचा आणि इथं त्या पोस्टमन वाचून दाखवायचा.

तपासणीच्या दिवशी डिप्टी साहेब सकाळीच टांग्यातून आले. माणूस भला होता. सरांच्या मेणाच्या गाई, विणलेले मोजे, भिजवून रंगवलेले कागद, सगळं त्यांनी जावई दिवाळसणाचं ताट पाहतो तसं पाहिलं, आणि मग खुर्चीवर बसून म्हणाले, "छान. आता मुलं काय वाचतात ते बघू." सर सरळपणानं म्हणाले, "मुलं अजून वाचत नाहीत. अकरा अक्षरं आली आहेत." साहेबांचा चेहरा बदलला. मी पुढं झालो. म्हटलं, "साहेब, वाचतात. सर विनयानं सांगताहेत." आणि पारूला पुढं केलं.

पारूनं पुस्तक धरलं, बोट फिरवलं आणि तीन धडे असे म्हटले की साहेबांनी टेबलावर ताल धरला. दुसऱ्या पोरानं म्हटले, तिसऱ्यानं म्हटले. सर दाराशी उभे होते. कोणीतरी मुस्काटात मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. साहेबांनी तपासणीचा कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि लिहायला लागले. सुलतानपूरची शाळा, हेडमास्तरांच्या शेजारची खुर्ची, सगळं त्या पेनाच्या टोकाशी आलं होतं.

पालकांना त्या दिवशी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांतून महादू तेली उठला. डोळे पुसत, हात जोडत पुढं आला.

"सायब, एक डाव हे बी वाचू द्या ना माह्या पोट्टीले." त्यानं बंडीतून पोस्टकार्ड काढलं. "पोट्ट्याचं कारड हाय. चार रोज झाले येऊन. पोस्टमन म्हने वाचून देतो. म्या म्हटलं, नाई. आता माही पारू वाचीन, समद्यायच्या देखत वाचीन."

"वा वा! वाच बाळ," साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

पारूनं कार्ड हातात घेतलं. बोट ठेवलं. आणि तिला जे येत होतं ते तिनं म्हटलं.

"दादा गावाहून आला. दादाने बोरे आणली. आई, भाकर कर. दादा जेवील."

महादूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हात काढून म्हणाला, "येऊन राह्यला? माह्या पोट्टा येऊन राह्यला? कधी येते म्हन्ते, पारू?"

पारूनं पुढचा धडा म्हटला. त्यात कोणाची तरी बहीण विहिरीवर जाते.

मी पारूच्या मागंच उभा होतो. कार्ड माझ्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होतं. कोणा मुनिमानं लिहिलेलं असावं, अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. 'तुमच्या मुलाचा हात यंत्रात सापडला. दवाखान्यात ठेवला आहे. ताप उतरत नाही. तुमचे नाव घेतो. पत्र पाहताच निघून यावे.' मी सगळं वाचलं. एकदा नाही, दोनदा. आणि साहेबांच्या पेनाकडे पाहिलं. मजकूर संपत आला होता, सही व्हायची होती. महादू लोकांना सांगत होता, माह्या पोट्टा येते, बोरं घिऊन येते. मी गप्प उभा राहिलो.

सर दारातून चालत आले. "आपण मला दाखवता का?" असं पारूला म्हणाले. तिनं कार्ड दिलं. त्यांनी वाचलं. मग मान वर करून त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते महादूकडे नाही, माझ्याकडे. फार वेळ नाही, एक श्वास घ्यावा इतकाच. त्यानंतर त्यांनी महादूच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोन वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती ती गावची बोली मी ऐकली.

"महादू, ऐक. तुह्या पोट्टा येऊन नाई राह्यला. त्याचा हात मशिनीत गेला. ताप हाय. तुले बलावलं त्यानं. खामगावची मोटार फाट्यावर यायचीच हाय. माही बैलाची धमनी जुपाले सांगतो. ऊठ. घरी नको जाऊ, तसाच नीघ."

महादू म्हणाला, "मंग पारूनं काय वाचलं?"

सरांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घातला. बैल जुंपल्याचा आवाज आला. आत साहेबांनी पारूला जवळ बोलावलं आणि पुस्तकातलं एक भलतंच पान तिच्यापुढं ठेवलं. तिनं बोट ठेवलं आणि 'दादा गावाहून आला' म्हणायला सुरुवात केली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

सर परत आले तेव्हा साहेब उभे होते. "हा काय तमाशा आहे? ही पोरं कोणी पढवली?" आम्ही दहा जण जमिनीकडे पाहत होतो. सर म्हणाले, "शाळा माझी आहे साहेब. जे झालं ते माझंच." साहेबांनी तो कागद चारदा फाडला आणि टांग्यात बसले. मोठेपण मिरवायची हौस पहा! मरायचं आमच्या जिवावर आणि हुतात्मा व्हायचं यांनी.

मी पुढं वर्षानुवर्षं हाच हिशेब मांडत आलो आहे, की त्या माणसानं फक्त दहा मिनिटं थांबायचं होतं. दहा मिनिटं! सही झाली असती, साहेब टांग्यात बसले असते, आणि मग मीच महादूला बाजूला घेऊन सांगितलं असतं. शपथेवर सांगतो, सांगितलं असतं. दहा पोरांचा जन्म मार्गी लागला असता. यांना तेवढा पोच नव्हता. मला त्यानंतर दोन वर्षं मामाच्या दुकानात गूळ तोलावा लागला, मग कुठं सरकारी नॉर्मलला जागा मिळाली. मास्तर झालो, हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. पण सुलतानपूरची ती जागा गेली ती गेलीच.

महादूला त्या दिवशीची मोटार मिळाली. धमनी फाट्यावर पोचली तेव्हा मोटार निघतच होती, असं गाडीवाला सांगत होता. दहा मिनिटं उशीर झाला असता तर दुसऱ्या दिवशीपर्यंत मोटार नव्हती. महादू संध्याकाळी मुलाजवळ पोचला. मुलगा पहाटे गेला. बापलेकांची तेवढी एक रात्र गाठ पडली. हे मला करीमनं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तो माझ्याशी पुन्हा कधी धड बोलला नाही. महादूनं पारूला शाळेतून काढलं नाही. ती येत राहिली, शेवटच्या दिवसापर्यंत. सरांनी तिला बारावं अक्षर शिकवलं.

महिन्याभरात वर्ग मोडला. जाताना सरांनी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. म्हणाले, जर्मनीत त्या शाळेत वर्ष संपलं की मास्तर प्रत्येक मुलासाठी काही ओळी लिहितो. गुण नाही, नंबर नाही. त्या मुलात मास्तरला जे दिसलं ते. तशा त्यांनी आमच्यासाठी लिहिल्या होत्या. खात्यात त्या कागदाला कवडीची किंमत नव्हती. करीमला आठ ओळी मिळाल्या. पोरं तुमच्याजवळ न घाबरता हसतात, चुकलेलं तुम्ही लपवत नाही, असं काहीबाही त्यात होतं. तो कलईच्या धंद्यात गेला, आणि त्यानं तो कागद काचेत घालून दुकानात लावला होता. दुसऱ्या एकाला चक्क गाणं मिळालं.

मी आत गेलो तेव्हा सर विणत नव्हते. हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी कागद माझ्या हातात दिला, नमस्कार केला आणि "आपण सुखी राहा" म्हणाले. मी बाहेर येऊन रस्त्याला लागलो, आणि सुलतानपूरच्या वाटेवर आल्यावर घडी उघडली. सबंध कागदावर मधोमध एकच ओळ होती.

'यांना उत्तम वाचता येतं.'